लेखकाचे खरे गिऱ्हाईक

अमुक ग्रंथकर्ता विद्वान आहे की नाही, त्याची भाषा शुद्ध आहे की नाही, त्याची कादंबरी घरातील मुलींच्या हाती द्यावी की नाही, ह्या प्रश्नांची चर्चा आपल्या घरांतून पानावर बसल्यापासून आचवेपर्यंत चालते. परंतु त्या ग्रंथकर्त्याचा संसार कशावर चालतो, हे विचारणे मात्र आपणांस काहीसे असभ्यपणाचे वाटते. विद्याविक्रय निंद्य, ही जुनी समजूत आपल्या अंगात अशी काही मुरली आहे की, वैद्याने औषधाचे, वकिलाने सल्ल्याचे व शिक्षकाने शिकविण्याचे पैसे घ्यावे ह्यात कोणास वावगे दिसत नाही. पण लेखकाने प्रकाशकाकडे हिशेब मागितला, की तो लागलीच 'व्यवहारी' ठरतो. ह्या समजुतीखाली एक मोठा प्रश्न झाकला जातो. लेखकास पैसे देणारा कोण, ह्यावर तो काय लिहितो, किती लांब लिहितो व कोणाच्या मर्जीने लिहितो, हे पुष्कळ अंशी ठरत असते. आणि हा देणारा बदलला, की लेखकाच्या पायाखालची वाळू सरकते. ह्या महिन्यात प्रस्तुत सदरात एवढ्याच एका गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

कोणी म्हणेल, ह्यात विचार तो कसला? पैसे देणारा म्हणजे पुस्तक विकत घेणारा वाचक! दिसते तसे खरे, पण असते तसे क्वचित. आपल्याकडचेच जुने उदाहरण घ्या. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. राज्य गेल्यावर इंग्रज सरकारने ती हळूहळू आखडती घेतली, आणि १८५१ साली तिच्याच निधीतून मराठी ग्रंथांस पारितोषिके देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. पैसा तोच, घेणारा वर्गही बहुतांशी तोच. बदलली ती केवळ देण्याची अट. परंतु तेवढ्याने काल वेदपठण करून दक्षिणा मिळविणाऱ्या समाजातून आज इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे व उपयुक्त विषयांवरील पुस्तके बाहेर पडू लागली. ही पुस्तके वाचकांनी मागितली होती असे नव्हे, तर परीक्षकांस पसंत पडण्याजोगी होती. मराठी गद्याच्या बाल्यावस्थेत लेखकाचे खरे गिऱ्हाईक कमिटी होते, हे ध्यानात ठेविले म्हणजे त्या काळच्या अनेक ग्रंथांचा गंभीर चेहरा उलगडतो.

ह्या प्रश्नाचा कागदोपत्री, पौंड-शिलिंगांच्या आकड्यांनिशी खल पाहावयाचा तर इंग्लंडाकडे वळावे लागते. तेथील ग्रंथकारांनी, प्रकाशकांनी व वाचनालयांनी आपापले व्यवहार लिहून ठेविले, आणि भांडणेही छापून केली. तेव्हा आधी तिकडे जाऊ. घरी परत यावयाचे आहेच.

१८२१ साली सर वॉल्टर स्कॉट ह्यांची 'केनिलवर्थ' ही कादंबरी तीन खंडांत, साडेएकतीस शिलिंगांस विक्रीस आली. वीस शिलिंगांचा पौंड व एकवीस शिलिंगांची गिनी. म्हणजे ही किंमत दीड गिनी झाली. पुढे जवळजवळ सत्तर वर्षे नव्या कादंबरीची हीच ठरीव किंमत व हाच ठरीव आकार होऊन बसला. साधारण कारकुनाच्या आठवड्याच्या कमाईस भिडणारी ही रक्कम एका कादंबरीवर खर्च करणारा गृहस्थ अर्थातच विरळा. मग ही पुस्तके घेत कोण होते? ह्याचे उत्तर म्हणजे चार्ल्स एडवर्ड मुडी.

ह्या मुडीने १८४२ च्या सुमारास लंडनमध्ये पुस्तके वाचावयास देण्याचा धंदा आरंभिला. वर्षाची वर्गणी एक गिनी, आणि तिच्या मोबदल्यात एका वेळी एक खंड घरी न्यावयाचा. एका कादंबरीच्या छापील किमतीहून कमी पैशांत वर्षभर वाचन! मध्यम स्थितीतील कुटुंबांची त्याच्या दाराशी रीघ लागली ह्यात नवल नाही. १८५२ साली न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवर त्याने मोठी जागा घेतली. मेकॉलेच्या इंग्लंडच्या इतिहासाचे तिसरा व चौथा हे खंड १८५५ मध्ये निघाले, तेव्हा एकट्या मुडीने त्यांच्या २,४०० प्रती उचलल्या. पुस्तकांनी भरलेल्या त्याच्या पेट्या गावोगाव रेल्वेने जात, व आगबोटींतून समुद्रापलीकडे हिंदुस्थानापर्यंतही पोहोचत.

आता ह्या धंद्याची गोम पाहा. वर्गणीदारास एका वेळी एकच खंड मिळावयाचा. कादंबरी तीन खंडांत असली, तर पहिला एका घरी, दुसरा दुसऱ्या घरी व तिसरा तिसऱ्या घरी, असा एकाच पुस्तकावर तीन कुटुंबांचा निर्वाह होई. ज्या घरी तिसरा खंड आधी पोहोचला, त्या घरची मंडळी पहिल्याची वाट पाहत काय करीत असतील, हे वाचकांनीच ताडावे. म्हणजे वाचनालयास तीन खंड सोयीचे. प्रकाशकासही सोयीचे, कारण छापील किंमत कितीही असली तरी मुडीस मोठी सूट देऊन का होईना, काही शे प्रती एकदम खपत व छपाईचा खर्च निघून चार पैसे पदरी पडत. ह्या दोघांची सोय झाली, म्हणजे लेखकाने काय लिहावयाचे ते ठरलेच. गोष्ट एका खंडाची असो वा दीड खंडाची, ती तीन खंडांत बसविणे हे त्याचे काम. संवाद लांबवावे, एखादी चुलत बहीण कथेत आणून तिचे लग्न लावून द्यावे, नायकास एकदा परदेशी पाठवून परत आणावे. त्या काळच्या इंग्रजी कादंबऱ्यांतील मधला खंड बहुधा रेंगाळलेला का, ह्याचे कारण केवळ लेखकाच्या प्रतिभेत शोधू नये. ते वर्गणीच्या नियमात सापडते.

ह्या व्यवस्थेत सुखाने राहिलेला एक लेखक म्हणजे अँथनी ट्रॉलप. हा गृहस्थ टपाल खात्यात नोकरीस होता. पहाटे साडेपाचास उठून तो लिहावयास बसे. घड्याळ समोर ठेवून दर पाव तासास अडीचशे शब्द हा त्याचा नेम. वेळेवर उठवून कॉफी देण्यासाठी एका वृद्ध नोकरास तो वर्षाला पाच पौंड जादा देत असे, आणि आपल्या यशाचे पुष्कळसे श्रेय त्यास द्यावे असे त्याचे म्हणणे होते. 'द वॉर्डन' ह्या कादंबरीबद्दल १८५५ अखेर त्याच्या हाती आलेली रक्कम नऊ पौंड, आठ शिलिंग, आठ पेन्स. तरी त्याने चिकाटी सोडिली नाही. पुढे १८६० मध्ये 'कॉर्नहिल' मासिक निघाले, तेव्हा त्यातील चालू कादंबरीसाठी त्यास एक हजार पौंड देऊ केले गेले; अर्थात येथे गिऱ्हाईक वाचनालय नव्हे, तर मासिक. मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने प्रत्येक पुस्तकाची मिळकत मांडून बेरीज दिली आहे: ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स. ह्या प्रामाणिकपणाचे फळ त्यास असे मिळाले की, कलावंताने वाण्यासारखी चोपडी ठेवावी हे कित्येकांस रुचले नाही व त्याची कीर्ती काही काळ मंदावली. म्हणजे विद्याविक्रयाविषयीची नाक मुरडण्याची वृत्ती केवळ आपलीच मिरास नव्हे.

परंतु ट्रॉलपपाशी सरकारी पगार होता. जॉर्ज गिसिंगपाशी तसा आधार नव्हता. त्याची 'न्यू ग्रब स्ट्रीट' ही कादंबरी १८९१ साली निघाली. तीन खंड भरता भरता ज्याच्या बुद्धीचा व संसाराचा चुराडा होतो, अशा एका लेखकाची ती कथा; आणि गंमत अशी की, ही कथाही तीन खंडांतच लिहावी लागली. तिचे सर्व हक्क गिसिंगने दीडशे पौंडांस कायमचे विकून टाकले होते. पुस्तक पुढे गाजले, आजही वाचले जाते. परंतु त्या गाजण्याचा एक पेन्सही त्याच्याकडे वळण्याचा मार्ग उरला नव्हता. गरजेच्या दिवशी एकरकमी विक्री करणाऱ्या लेखकाची गत गरजेपोटी पीक शेतातच विकून टाकणाऱ्या कुळासारखी होते. भाव वाढला तर तो दुसऱ्याचा.

मुडीच्या वाचनालयाच्या नावात 'निवडक' हा शब्द होता, आणि निवड करणारा स्वतः मुडी. कुटुंबात सर्वांसमक्ष वाचता येणार नाही असे पुस्तक तो ठेवीत नसे. हा हेतू वाईट होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. घरात काय येऊ द्यावे ही काळजी कोणत्या गृहस्थास नसते? परंतु एका घराने पुस्तक नाकारले तर एक प्रत कमी खपते, आणि मुडीने नाकारले तर पुस्तकच बुडते, हा भेद लहान नव्हे. जॉर्ज मूर ह्या तरुण लेखकाची पहिली कादंबरी १८८३ मध्ये अशीच अडविली गेली. कारण विचारता, खेड्यात राहणाऱ्या दोन बाईंनी तक्रार केली असे त्यास सांगण्यात आले. मूर चिडला. त्याने पुढील कादंबरी एकाच खंडात, सहा शिलिंगांस काढविली, आणि १८८५ मध्ये मुडीवर एक झणझणीत पुस्तिकाही लिहिली.

तथापि तीन खंडांची कादंबरी लेखकांनी मारली नाही; मुडीनेच मारली. वाचनालयांच्या तळघरांत जुन्या कादंबऱ्यांचे ढीग साचू लागले होते, आणि प्रकाशक त्याच कादंबऱ्यांच्या स्वस्त आवृत्त्या लवकर लवकर काढू लागल्यामुळे ते ढीग कोणी घेईना. जून १८९४ मध्ये मुडी व स्मिथ ह्या दोन मोठ्या वाचनालयांनी प्रकाशकांस कळविले: खंडास चार शिलिंगांहून अधिक देणार नाही, आणि स्वस्त आवृत्ती वर्षभर काढावयाची नाही. प्रकाशकांनी हिशेब केला, आणि तीन खंड छापणेच सोडून दिले. १८९४ मध्ये अशा १८४ कादंबऱ्या निघाल्या होत्या; १८९७ मध्ये निघाल्या अवघ्या चार. सत्तर वर्षांची संस्था तीन वर्षांत नाहीशी झाली, आणि ती नाहीशी करण्यापूर्वी लेखकांस कोणी विचारले नाही.

ह्याने लेखकाचे भले झाले की वाईट? आमच्या मते दोन्ही. सहा शिलिंगांची एकखंडी कादंबरी वाचक स्वतः विकत घेऊ लागला. गोष्टीस जेवढी लांबी हवी तेवढीच देण्याची मोकळीक मिळाली. विषयांवरील बंधन सैल झाले. ज्याची पुस्तके हजारांनी खपत त्याची चंगळ झाली. परंतु ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही अशा लेखकाचा एक आधार सुटला. मुडी जुलमी खरा, पण काही शे प्रतींचे हमखास गिऱ्हाईक होता. त्या भरवशावर प्रकाशक नवख्या माणसाचे पुस्तक छापण्यास धजत असे. बाजार मोकळा झाला, की तेथे हमीही राहत नाही.

ह्याच सुमारास लेखकांनी एकत्र येऊन केलेली गोष्ट मात्र टिकाऊ ठरली. १८८४ साली वॉल्टर बेझंट ह्या कादंबरीकाराच्या पुढाकाराने तेथे ग्रंथकारांचा संघ स्थापन झाला. कविवर टेनिसन त्याचे पहिले अध्यक्ष. त्यापूर्वी 'अर्धा नफा' नावाची एक पद्धत चालत असे: खर्च वजा जाता उरलेला नफा प्रकाशक व लेखक ह्यांनी निम्मा निम्मा वाटून घ्यावा. ऐकावयास किती न्याय्य! परंतु खर्चाचा आकडा लिहिणारा एकटा प्रकाशक, तेव्हा नफा उरू द्यावयाचा की नाही हे त्याच्याच हाती. बेझंटच्या संघाने कागद, छपाई, बांधणी व जाहिरात ह्यांचे खरे दर काढून लेखकांपुढे मांडले, आणि प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे ठरावीक भाग, म्हणजेच रॉयल्टी, ह्या पद्धतीचा आग्रह धरिला. पुढे १ जानेवारी १९०० पासून छापील किमतीखाली कोणी पुस्तक विकू नये असा करार प्रकाशक व विक्रेते ह्यांच्यात अमलात आला. छापील किमतीवर दहा टक्के मिळावयाचे, आणि ती किंमत कोणी मोडावयाची नाही. तेव्हा किती प्रती गेल्या एवढे कळले, की लेखकास आपली मिळकत बोटांवर मोजता येई. ही व्यवस्था जवळजवळ शतकभर टिकली. १९९५ मध्ये मोठे प्रकाशक तीतून बाहेर पडले, आणि मार्च १९९७ मध्ये न्यायालयाने तो करारच लोकहिताविरुद्ध ठरविला.

वाचकास पुस्तक स्वस्त मिळू लागले, ह्यात शंका नाही. लेखकाकडे ह्याचा परिणाम कसा पोहोचतो, ते आपल्या रुपयांत पाहू. पुस्तकाची छापील किंमत तीनशे रुपये व रॉयल्टी दहा टक्के, तर लेखकास प्रतीमागे तीस रुपये. आता मोठा विक्रेता निम्म्या किमतीत माल मागतो, आणि करारात 'छापील किमतीवर' ह्या शब्दांऐवजी 'प्रकाशकास प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर' असे शब्द आहेत, असे समजा. दहा टक्के तेच राहिले. पण तिसांचे पंधरा झाले. करारातील दोन-चार शब्द बदलले एवढेच, आणि सही करतेवेळी ते बहुधा कोणी वाचीत नाही.

तेथील लेखकांच्या स्थितीची मोजदाद लेखकांच्याच एका संस्थेने वेळोवेळी करविली आहे. अर्ध्याहून अधिक वेळ लेखनास देणाऱ्यांची लेखनापासूनची मध्यम वार्षिक मिळकत २००६ मध्ये १२,३३० पौंड होती. २०२२ मध्ये ती सात हजारांवर आली. महागाई लक्षात घेता ही घसरण आकड्यांत दिसते त्याहून खोल आहे. केवळ लेखनावर निर्वाह करणारे २००६ मध्ये शेकडा ४० होते, ते २०२२ मध्ये शेकडा १९ उरले. बाकीच्यांच्या घरी दुसरी चूल आहे: शिकवणी, नोकरी, किंवा अर्धांगाचा पगार.

ह्या घसरणीची कारणे अनेक असतील. परंतु आम्हांस त्यांतील एक विशेष मनोरंजक वाटते, कारण त्यात मुडीचे भूत पुनः उठून उभे राहिलेले दिसते. अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये विद्युत्-पुस्तकांचे वर्गणीचे वाचनालय उघडले, व पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आणिले. महिन्याची ठरीव वर्गणी भरा, आणि 'किंडल अनलिमिटेड' ह्या यादीतील हवी ती पुस्तके वाचा. मूळ कल्पना गिनीचीच. खंड मात्र हवेतून येतो, व पहिल्यासाठी थांबावे लागत नाही. लेखकास द्यावयाचे पैसे एका सामाईक निधीतून वाटले जातात. आरंभी नियम असा होता की, उसन्या नेलेल्या पुस्तकाचा दहावा हिस्सा वाचकाने वाचला, म्हणजे लेखकास एक वाटा. पुस्तक वीस पानांचे असो की पाचशे पानांचे, वाटा सारखाच. ह्याचा परिणाम काय झाला असेल हे बेझंटला विचारावयास नको. एका कादंबरीची पाच-सहा शकले करून ती वेगवेगळी प्रसिद्ध करण्याचा सपाटा सुरू झाला. तेव्हा जुलै २०१५ पासून नियम फिरविण्यात आला: वाचलेल्या पानांच्या हिशेबाने पैसे. लगेच पुस्तके फुगू लागली. काही धूर्त मंडळी तर नव्या पुस्तकाच्या मागे आपली जुनी पुस्तके शिवून पानांचा डोंगर रचीत. शेवटी एका पुस्तकाची तीन हजारांपलीकडील पाने मोजावयाची नाहीत, अशी मर्यादा घालावी लागली.

पहिल्या वर्षी शकले, दुसऱ्या वर्षी डोंगर! तेच लेखक, तेच वाचक, मधला केवळ वाटणीचा नियम बदललेला. मुडीला जे घडवावयास अर्धे शतक लागले ते येथे बारा महिन्यांत दोनदा घडले. शिवाय मुडीच्या वेळी भांडावयास मुडी नावाचा एक माणूस तरी होता. येथे महिन्याचा निधी किती, दर पानास किती पैसे पडणार, हे सर्व देणारा परभारे ठरवितो, आणि लेखकास ते महिना उलटल्यावर कळते.

आता घरी येऊ. मराठीत केवळ लेखनावर प्रपंच चालविणारा पूर्वीही दुर्मीळ होता, आजही आहे; आपला लेखक बहुधा प्राध्यापक, पत्रकार, बँकेतला अधिकारी किंवा घर सांभाळून लिहिणारी गृहिणी. हरिभाऊ आपटे ह्यांनी १८९० मध्ये स्वतःचे 'करमणूक' पत्र काढून त्यात कादंबऱ्या क्रमशः दिल्या, म्हणजे स्वतःच आपले प्रकाशक झाले. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या ह्यात आठवड्याच्या तगाद्याचाही वाटा असावा असे आम्हांस वाटते. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडिली, आणि तेव्हापासून दिवाळी अंक हे कथाकाराचे मोठे गिऱ्हाईक झाले. मराठी कथेची लांबी दिवाळी अंकाच्या पानांनी कितपत घडविली, ह्यावर कोणी प्रबंध लिहावयास हरकत नाही.

अलीकडे पुस्तक ऐकविण्याच्याही संस्था आल्या आहेत. स्वीडनमधील एक २०१७ मध्ये येथे आली, ती आरंभापासूनच मराठीत होती. ह्या नव्या मार्गांविषयी जाणत्या कुटुंबांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा आहे, आणि तो लेखकास समजले जाते त्याहून अधिक अनुकूल आहे. हक्क दुसऱ्यास द्यावयाचे तर ते लेखी व सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरला जातो. आणि घेतलेला हक्क घेणाऱ्याने वर्षभरात वापरला नाही, व करारात त्याविषयी निराळे काही नसेल, तर तो हक्क सुटतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट घातली: हक्क देतेवेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यवहारात आले नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख करारात नसल्यास तो करार त्या माध्यमास लागू होत नाही.

ह्याचा अर्थ केवळ आज लिहिणाऱ्यांपुरता नाही. स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो. (ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती, रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील हक्क संपत आला, तेव्हा १९९२ च्या कायद्याने ती वाढविली गेली.) १९७० साली निवर्तलेल्या लेखकाच्या पुस्तकांवर २०३० अखेरपर्यंत त्याच्या घराचा हक्क आहे. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आजोबांनी किंवा आत्याबाईंनी लिहिलेली पुस्तके असतील, आणि त्यांचे करार असलेच तर माळ्यावरील एखाद्या पेटीत असतील. त्यांतील कथा कोणी ऐकविण्यासाठी वा पडद्यावर वाचण्यासाठी मागितल्या, तर 'अहो, घ्या की, आजोबांचे नाव तरी होईल' असे म्हणण्यापूर्वी ती पेटी उघडावी, आणि घरातील सर्व वारसांनी तो कागद मिळून वाचावा. नाव होण्यास कोणाचा विरोध नाही. पण एकट्या थोरल्या काकांनी भिडेपोटी केलेली सही पुढे साऱ्या घरास जाचते.

हिंदीतील विनोदकुमार शुक्ल ह्यांची हकीकत वृत्तपत्रांतून पुष्कळांनी वाचली असेल. आपल्या गाजलेल्या पुस्तकांवर फारच तुटपुंजी रॉयल्टी मिळते, अशी तक्रार ह्या वृद्ध लेखकाने २०२२ मध्ये केली, तेव्हा हिंदी जगात मोठा गहजब झाला. पुढे २०२५ मध्ये, १९९७ साली प्रथम निघालेल्या त्यांच्या एका कादंबरीबद्दल दुसऱ्या प्रकाशकाने तीस लाख रुपयांचा धनादेश जाहीर समारंभात त्यांच्या हाती दिला. कादंबरी तीच, भाषा तीच. मध्यंतरी तरुण वाचक घरबसल्या पुस्तके मागवू लागले होते, आणि प्रकाशकही नवा होता. असे भाग्य सर्वांस येत नाही हे उघड आहे. तरीही हिंदीत गिऱ्हाईकच नाही, ही जी सबब वर्षानुवर्षे सांगितली जात होती, ती त्या दिवशी पुरती लंगडी झाली.

मराठीत ललित पुस्तकांचे एक मोठे गिऱ्हाईक अद्यापि वाचनालये आहेत. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांस अ, ब, क, ड अशा वर्गांनी अनुदान मिळते, व त्यातील भाग पुस्तकखरेदीस जातो. वाचनालयाने एक प्रत घेतली, जाड पुठ्ठ्याची बांधणी केली, आणि ती पंधरा वर्षांत तीनशे घरी फिरून आली; लेखकास मिळाली ती एका प्रतीची रॉयल्टी. ह्यात वाचनालयाचा दोष नाही, वाचकाचाही नाही. इंग्लंडात हाच प्रश्न जॉन ब्रॉफी ह्या कादंबरीकाराने १९५१ मध्ये मांडिला: प्रत्येक वाचनामागे वाचकाने लेखकासाठी एक पेनी द्यावी. वाचकावर कर बसविण्याची ही कल्पना टिकली नाही. पण त्याची कन्या ब्रिजिड ब्रॉफी व इतर लेखकांनी चळवळ चालू ठेविली, आणि १९७९ मध्ये कायदा झाला. तदनुसार १९८४ पासून सरकारी तिजोरीतून लेखकांस वाचनालयांतील देवघेवीच्या प्रमाणात पैसे मिळू लागले. वाचनामागे पडतात काही पेन्सच, आणि एका लेखकास वर्षाला ६,६०० पौंडांहून अधिक मिळत नाहीत. त्यामुळे खपाऊ नावेच सारा निधी गिळंकृत करीत नाहीत, व मधल्या फळीतील लेखकास हातभार लागतो. डेन्मार्कने तर अशी तरतूद १९४६ मध्येच केली होती.

आपल्या देशात असा कायदा नाही. तो करावयाचा तर पैसा कोठून आणावयाचा, अनुदानासाठी आधीच हात पसरणाऱ्या वाचनालयांवर त्याचा भार पडू द्यावयाचा नाही तो कसा, असे प्रश्न निघतील, आणि ते अवघड आहेत. मात्र कोणते पुस्तक किती वेळा बाहेर गेले हे कळावयाचे कसे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो टिकण्यासारखा नाही. तो हिशेब आपल्या प्रत्येक लहानमोठ्या वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीत तारखेनिशी लिहिलेला असतो.